गाऱ्हाण्याची वही

मी एक वही लिहिली आणि त्या वहीने माझ्या बाबांची जागा घेतली. एवढीच गोष्ट आहे. हे मी आता शांतपणे सांगत असेन असं कुणाला वाटलं तर तो गैरसमज आहे. मला अजून राग आहे. चाळीवर आहे, दादावर आहे, आमच्या त्या सेक्रेटरीवर आहे, आणि सगळ्यांत जास्त ज्या व्यक्तीवर आहे तिच्याबद्दल शेवटी सांगेन.

बोरीवलीला स्टेशनच्या पूर्वेला आमची बैठी चाळ होती. बावीस खोल्या, समोर अंगण, मागे भातखाचरं, आणि खाचरं संपली की जंगल. बहुतेक बिऱ्हाडं आमच्यासारखी मालवणकडची. पुरुष गिरणीत, गोदीत, नाहीतर बोटीवर. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. मागाच्या खडखडाटात तीस वर्षं बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की आईच्या कानात काही सांगायला गेले तरी चौथ्या खोलीत कळायचं.

दर सव्वीस जानेवारीला चाळीचा सत्यनारायण असायचा. सुट्टी सगळ्यांना, म्हणून तोच दिवस. भटजी पूजा सांगून दक्षिणा घेऊन जायचे, पण आमच्या लोकांचं देवाशी खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. घरातला किंवा वाडीतला एक जाणता पुरुष हातात शेंडीचा नारळ घेऊन उभा राहतो, गावच्या देवांना क्रमाने हाका मारतो, आणि जमलेल्या सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. त्याचं वाक्य संपलं की बाकीचे पुरुष एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. आमच्या चाळीत ते बाबा घालायचे. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून तेच घालायचे.

ते नुसतं उभं राहून बोलणं नव्हतं. पंचवीस तारखेला दुपारी बाबा एक नंबरपासून सुरुवात करून प्रत्येक दारात थांबायचे. चहा घ्यायचे नाहीत. ‘तुमचा काय सांगूचा?’ एवढंच विचारायचे. कुणाचा मुलगा मॅट्रिकला दोनदा नापास झालेला, कुणाची नोकरी पर्मनंट होत नव्हती, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले. एखादी बाई आवाज खाली आणून नवऱ्याच्या पिण्याबद्दल सांगायची. बाबा मान हलवून पुढच्या दारात जायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. तसेही ते दुसरीपर्यंतच शिकलेले. दुसऱ्या दिवशी तीस-बत्तीस देवांची नावं झाली की बावीस खोल्यांची मागणी ओळीने बाहेर यायची. पिणाऱ्या नवऱ्याचं नाव न घेता म्हणायचे, ‘कोणाच्या पावलाक वायट वाटेची सवय लागली आसात, ती मोड म्हाराजा!’ तो नवराच सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. आम्ही बायका पदरात हसायचो.

एकोणसत्तरच्या सुमारास बाबा रिटायर झाले. त्यानंतर वर्षभरात आमच्या फळीवर काडेपेट्या जमायला लागल्या. काडेपेटी आणायला म्हणून ते वाण्याकडे जायचे, घेऊन यायचे, तासाभराने पुन्हा जायचे. एकदा मी मोजल्या तर अकरा होत्या. आईने त्यातल्या सात शेजारणींना देऊन टाकल्या, कुणाला ‘जास्तीच्या आणलंय’ म्हणून, कुणाला ‘गावाक जातास, व्हये होतीत’ म्हणून. माझ्या आईला झाकता फार छान यायचं. मीही तिच्याकडून ते शिकले, आणि चांगलीच शिकले.

दवाखान्यातल्या डॉक्टरने लाल टॉनिक दिलं. ‘वय झालं, विसरायला होणारच,’ म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. या वाक्याने माझं डोकं तेव्हाही फिरायचं आणि आताही फिरतं. माणसाचे गुडघे गेले तर त्याला काठी देतात, दात गेले तर भात मऊ करून वाढतात. आठवण गेली की मात्र वय झालं म्हणायचं आणि हात झटकायचे. वर हसायचं.

त्या जानेवारीत गाऱ्हाण्यात बाबा सीमेवरच्या देवाला वगळून पुढे गेले, अडखळले, मागे येऊन त्याला हाक मारली आणि पुन्हा वाटेला लागले. फक्त मला आणि आईला कळलं. मला ते सगळं पाठ होतं, लहानपणापासून ऐकून ऐकून, प्रत्येक देव, प्रत्येक श्वास. अख्ख्या चाळीत बाबांनंतर ते पुरतं येणारं एकच माणूस होतं आणि ते नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी होतं, अंधेरीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जात होतं. गाऱ्हाणं बायकांनी घालायचं नसतं. का नसतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही भित्री, विचारलं नाही.

ते वर्ष सरत आलं तेव्हा मी ठरवलं की लिहून घ्यायचं. दोनशे पानी वही आणली.

‘बाबा, गाऱ्हाणा सांगा. मी लिवन घेतंय.’

‘ता काय लिवची वस्तू हा?’ बाबा म्हणाले. ‘उद्या म्हणशीत, बाबा जांभई दिवा, लिवन घेतंय.’

मी थाप मारली की उद्या माझ्या मुलांना कळायला नको का. तेव्हा विरघळले. पण बसून त्यांना ते येईना. चार देव झाले की थांबायचे, छताकडे बघायचे, चिडायचे. शेवटी उठले आणि आईला म्हणाले, ‘नारळ हाड.’ आईने स्वयंपाकातला नारळ दिला. तो तळहातावर धरून, डोळे मिटून ते उभे राहिले आणि एका दमात सुरू झाले. मला लिहायला पुरेना. बत्तीसच्या बत्तीस देव आले. पुढच्या रविवारी उभे राहिले तर नारळ नाही. तो शुक्रवारीच बांगड्याच्या आमटीत गेला होता.

‘देवाचो नारळ खाल्लास?’ बाबा ओरडले.

‘खंयचो देवाचो? वाण्याकडलो होतो. आणि तुमीच दोनदा वाढून घेतल्यात,’ आई म्हणाली.

असे चार रविवार गेले. देव संपले आणि खोल्यांची मागणी सुरू झाली. नऊ नंबरातल्या सुनेला दिवस गेले होते, तिची सुखरूप सुटका कर, हे मी लिहिलं. मग बाबा म्हणाले, ‘तेरा नंबरातलो झील बोटीर गेलो हा, त्येका सुखरूप घराक हाड म्हाराजा.’

माझं पेन थांबलं. तेरा नंबरातला तो मुलगा भाद्रपदात गेला होता. बोटीवरून सुट्टीला आला, कावीळ झाली, बारा दिवसांत संपला. त्याच्या तिरडीला बाबांनी खांदा दिला होता. पण त्याआधी सलग आठ वर्षं बाबांनी त्याच्यासाठी हेच मागितलं होतं, आणि त्यांच्या मनात ते आठ वर्षांचं खोलवर रुजलेलं होतं. खांदा दिल्याला जेमतेम चार महिने झाले होते. जुनं पक्कं राहत होतं आणि नवं टिकत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

मी ते वाक्य वहीत लिहिलं नाही. आणि बाबांना सांगितलंही नाही. वाईट वाटेल त्यांना, म्हणून. मी झाकलं.

सव्वीस तारखेला मी वही त्यांच्या पुढे केली तेव्हा त्यांनी ती हाताने बाजूला सारली. नारळ घेतला, उभे राहिले. देव झाले, एकही चुकला नाही. एक नंबर झाला, दोन झाला. मी तेरा नंबरापर्यंतच्या खोल्या बोटांवर मोजत होते आणि देवाला सांगत होते की आज त्यांना विसरू दे, हे एवढं वाक्य विसरू दे. पण नको तेव्हा त्यांना सगळं आठवायचं.

‘तेरा नंबरातलो झील बोटीर गेलो हा, त्येका सुखरूप घराक हाड म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ चाळीस पुरुष गरजले.

गरजले आणि मग गप्प झाले. बायकांत बसलेल्या त्याच्या आईकडे सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांचे डोळे मिटलेले. ते पुढच्या खोलीवर गेले तर साथ द्यायला दोन-तीनच आवाज. लोक एकदम का थांबले ते त्यांना कळेना. त्यांनी आवाज आणखी चढवला.

पूजेनंतर चाळ कमिटीचा सेक्रेटरी बाबांपुढे येऊन उभा राहिला. सरकारी कचेरीत कारकून, वय पस्तिशीचं, चाळीच्या पाण्याच्या मीटरवर हुकूम चालवून चालवून स्वतःला मंत्री समजणारा. ‘काय काका, वाट लावलीत ना सगळी!’ म्हणाला. आठवडाभर अंगणात पोरं रिकामा तांब्या हातात धरून बाबांची नक्कल करत होती. मी एकाच्या कानफटात दिली. त्याची आई भांडायला आली, तिलाही सुनावलं.

मला एक सांगा. बाबा म्हातारे होते, त्यांचं डोकं थकलं होतं, ते विसरले. पण ते चाळीस जण? ते तर चांगले तरणेताठे, सकाळी आठ-बाराची गाडी न चुकवणारे. त्यांनीही त्या मेलेल्या पोराला घरी आणण्यासाठी घसा फोडून हो म्हटलं की नाही? ते विसरले नव्हते, त्यांनी ऐकलंच नव्हतं. इतकी वर्षं ऐकत नव्हते. त्यांच्यापैकी एकाचीही कुणी नक्कल केली नाही.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी दादा आईला आणि मला घेऊन तेरा नंबरात माफी मागायला गेला. त्या मुलाची आई, काकी, तांदूळ निवडत होती. दादाचं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

‘लाज तुका वाटता, माका नाय,’ ती दादाला म्हणाली. ‘चार म्हयने ह्या चाळीत माझ्या म्होरी कोणी त्येचो विषय काढूक नाय. सगळी रस्तो बदलतत. तुझ्या बापाशीन त्येची आठवण काढल्यान. माफी कसली मागतस?’

दादा बाहेर आल्यावर म्हणाला, ‘बिचारी चांगली आहे म्हणून असं बोलली. पुढच्या वर्षी बाबांना उभं करायचं नाही.’ जिला लागायला हवं होतं तिने स्वच्छ सांगितलं की लागलं नाही. पण दादाला तिचं दुःख नकोच होतं, त्याला स्वतःची शरम पुरेशी होती. तो बँकेत लागला होता, टेरिलीनचे शर्ट घालत होता.

पुढच्या वर्षी घाटकोपरचं एक स्थळ मला सांगून आलं. माणसं बरी होती, मुलगा मला आवडला होता. सत्यनारायणाला त्यांना तीर्थप्रसादाला बोलवायचं ठरलं. दादा म्हणाला, ‘त्यांच्यासमोर बाबा काही भलतंच बोलले तर? म्हणतील, घराण्यात वेड आहे.’ सेक्रेटरीने दादाकडे वहीबद्दल विचारलं. ती कुठे आहे ते दादाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी ट्रंकेतून काढली आणि दिली.

पंचवीस तारखेला दुपारी बाबा टोपी घालून निघाले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. एक नंबरपासून बावीस नंबरपर्यंत ते प्रत्येक दारात उभे राहिले आणि प्रत्येक दारात त्यांना तेच उत्तर मिळालं, ‘काही नाही काका, सगळं बरं आहे.’ सगळी चाळ आधीच ठरवून बसली होती. पिणाऱ्याच्या बायकोनेही सांगितलं, बरं आहे. बाबा परत आले आणि खाटेवर बसले.

‘यंदा कोणाक कायच नको,’ ते आईला म्हणाले. ‘बरा झाला. सगळी सुखात हत.’

आई मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सव्वीसला सकाळपासून ते तयार होते. धुतलेलं धोतर, काळा कोट, हातात नारळ. दादाने तो नारळ त्यांच्या हातातून घेतला. ‘बाबा, यंदा तुम्ही आराम करा.’

‘मगे गाऱ्हाणा घालतलो कोण?’

‘सेक्रेटरी.’

‘त्येका येता?’

‘वाचणार आहे.’

‘वाचतलो?’ बाबा म्हणाले, आणि खरंच हसू आल्यासारखे हसले. मग हसू थांबलं. त्यांना कळलं होतं. लोक म्हणतात, अशा माणसांना काही कळत नाही. लोकांना तसं म्हणणं सोयीचं असतं.

त्यांना पुरुषांच्या कडेला सतरंजीवर बसवलं. मी बायकांच्या पहिल्या ओळीत, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, नवी साडी नेसून. समोर खुर्च्यांवर घाटकोपरची माणसं. नऊ नंबरातलं पोर दहा महिन्यांचं झालं होतं, ते रांगत आलं आणि सवयीने बाबांच्या मांडीवर चढलं. त्या पोराचं आणि बाबांचं रोजचं होतं. त्याला बाबांकडून कसलीच आठवण नको होती.

सेक्रेटरीने माइक हातात घेतला. नारळ एका हातात, वही दुसऱ्या हातात, पान उलटायचं कसं ते कळेना म्हणून नारळ खाली ठेवला. आणि माझं अक्षर वाचायला लागला. शाळेतला धडा वाचतात तसा. देव भराभर संपले. मग खोल्या. त्या खोल्यांची मागणी वर्षापूर्वीच्या थंडीत बाबांनी डोळे मिटून सांगितली होती आणि मी लिहिली होती. सेक्रेटरी एकाही दारात गेला नव्हता. त्याला वाटलं, वहीत आहे म्हणजे झालं.

जो मुलगा जूनमध्येच मॅट्रिक पास झाला होता त्याला त्याने पुन्हा पास करायला सांगितलं. ‘व्हय म्हाराजा!’ जो जावई पर्मनंट झाला होता त्याला पुन्हा पर्मनंट करायला सांगितलं. ‘व्हय म्हाराजा!’ कुणी हसलं नाही. कुणाची मान वळली नाही. कागद चुकला तर ती चूकच नसते म्हणे.

‘नऊ नंबरातल्या सुनेला दिवस गेलेत, तिची सुखरूप सुटका कर म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘अरे, सुटका झाली मरे तिची!’ बाबांचा साचेखात्यातला आवाज माइकच्या वर गेला. त्यांनी दोन्ही हातांनी पोर उचलून सगळ्यांना दाखवलं. ‘ह्या काय पोर! माझ्या मांडयेर बसला हा!’

सगळ्या अंगणात, त्या साठ-सत्तर माणसांत, त्या क्षणी बरोबर बोलणारा माणूस एकच होता. पोरगं हवेत पाय झाडत हसत होतं. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? पण मागून कुणीतरी खिदळलं, ‘झालं काकांचं सुरू.’ सेक्रेटरीने कपाळाला आठ्या घालून दादाकडे बघितलं. घाटकोपरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं.

दादा उठण्याआधी मी हात पुढे केला, बाबांचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, ‘बाबा, गप रवा. पावणे बसलेत.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या पोराकडे बघितलं, जणू आपणच काही चुकीचं पाहिलं असेल. त्यांनी ते हळूच त्याच्या आईच्या हातात दिलं, कोटाची बटणं लावली, आणि हात मांडीवर ठेवून बसले. सेक्रेटरीने पुढची ओळ वाचली.

लग्न झालं, चांगलं झालं, मला तिथे काही कमी पडलं नाही. माहेरी गेले की बाबा खाटेवर बसलेले असायचे. आईने आमटीत मीठ दोनदा घातलं तरी जेवायचे. चाळीतल्या पोरांनी त्यांना मुद्दाम चुकीचा वार सांगितला तरी मान हलवायचे. दादाने त्यांच्यासमोर त्यांच्याच गिरणीचं काहीतरी खोटं सांगितलं, मी ऐकलंय, तरी ते काही बोलले नाहीत. आणखी चार वर्षं जगले, आणि त्या चार वर्षांत एकदाही कुणाला म्हणाले नाहीत की तुझं चुकतंय. चाळीतले लोक म्हणायचे, काका आता किती शांत झालेत. ते शांत झाले नव्हते. मी त्यांना गप केलं होतं, आणि माझी ही एकच गोष्ट ते विसरले नाहीत.